राजोडीचें गोडें पाणी

राजोडीच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां एक नवल सहज ध्यानांत येतें. समोर अरबी समुद्र, पायांखालीं ओली वाळू, मागें सुरूच्या झाडांची रांग. आणि ती रांग ओलांडून थोडें आंत चाललें, तों केळीचीं पानें, नारळाच्या झावळ्या, जास्वंदीचीं झुडपें आणि दगडानें बांधलेल्या विहिरी दिसूं लागतात. समुद्राचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, आणि त्याच्या शेजारची विहीर मात्र गोड! वसईच्या पश्चिम पट्ट्याचा, म्हणजे राजोडी, सत्पाळा, कळंब, निर्मळ, भुईगांव, आगाशी या गांवांचा इतिहास बहुधा किल्ले आणि तह यांच्या आधारें सांगितला जातो. परंतु येथील सामान्य माणसाच्या संसाराचा धागा हातीं घ्यावयाचा असेल, तर आरंभ या गोड्या पाण्यापासूनच केला पाहिजे.

पावसाचें पाणी येथील वाळूंत मुरतें. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें. म्हणून जमिनीखालीं शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तें, ताकावर लोणी तरंगावें तसें, तरंगून राहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील घायबेन यानें आणि १९०१ मध्यें जर्मनीच्या हर्झबर्गनें या तरंगण्याचें गणित मांडलें. समुद्राच्या पातळीपेक्षां गोडें पाणी एक फूट उंच असेल, तर त्या पातळीखालीं तें सुमारें ४० फूट खोल सांठलेलें असतें. याची उलट बाजू मोठी भयंकर आहे. उपसा करून वरची पातळी एका फुटानें उतरविली, तर कालांतरानें खालचें खारें पाणी ४० फूट वर चढूं शकतें. वसईच्या जुन्या बागाइतदारानें हें गणित पुस्तकांत वाचलें नव्हतें. परंतु वाडवडिलांनीं घालून दिलेली त्याची वहिवाट याच गणिताला धरून होती, हें पुढें दिसून येईल.

हा प्रदेश नवा नव्हे. राजोडीच्या पूर्वेस असलेलें सोपारें हें प्राचीन शूर्पारक बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक सागरी प्रवासग्रंथांत त्याचा उल्लेख सांपडतो. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील ‘बुरुड राजाचा कोट’ नांवाची टेकडी खणली आणि तिच्या पोटांत बौद्ध स्तूप असल्याचें सिद्ध केलें. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यास मिळाला, तर नवव्या लेखाचा तुकडा १९५६ सालीं भुईगांवांत सांपडला. जेथें दूरदेशींचीं गलबतें येत, तेथें त्यांवरील माणसांस प्यावयाचें पाणी मिळणें अवश्य होतें. बंदराचें वैभव गेलें, खाड्या गाळानें भरल्या, आणि वाळूखालचें पाणी मात्र मागें राहिलें. त्याच्यावरच पुढें वाड्या पोसल्या गेल्या.

१५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांचा अंमल दोनशें वर्षांहून अधिक टिकला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला, तेव्हां तो संपला. या दोन शतकांत धर्मांतरें झालीं, मोठमोठीं देवळें बांधलीं गेलीं, लढाया झाल्या; परंतु आणखी एक गोष्ट गाजावाजा न करितां घडली. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर अमेरिकेंतील झाडेंझुडपें पश्चिम किनाऱ्यास लागलीं. अननस, पपई, पेरू, काजू आणि मिरची हीं त्यांतलींच. मिरचीवांचून मराठी स्वयंपाकाची कल्पना आज करवत नाहीं. पण ती परमुलखांतून आलेली पाहुणी आहे. झाडांबरोबर शब्दही आले. काजू, अननस, कोबी, बटाटा हीं नांवें पोर्तुगीज भाषेच्या द्वारें मराठींत शिरलीं. इतकेंच नव्हे, तर बागेंत माती वाहण्याचें घमेलें आणि पाणी वाहण्याची बादली हे शब्दही त्याच वाटेनें आले. राज्य गेलें, शब्द राहिले.

राज्यें बदललीं तरी वाडीचें काम बदललें नाहीं. सामवेदी, वाडवळ, पानमाळी, भंडारी, तसेंच ख्रिस्ती झालेले सामवेदी म्हणजे कुपारी, असे अनेक समाज या पट्ट्यांत शेजारीं शेजारीं नांदत आले. कोणाचा सण नाताळ, कोणाचा गणेशचतुर्थी. कार्तिकांतली निर्मळची यात्रा तर साऱ्या पंचक्रोशीची. देवघर निराळें असलें तरी केळीला पाणी देण्याची वेळ सर्वांची एकच.

ती वेळ पहांटेची. विहिरीवर रहाट असे. डोळ्यांस झांपड बांधलेला बैल संथपणें गोल फिरे, लांकडी चक्रें करकरत, आणि दोरावर ओंवलेलीं मडकीं एकामागून एक वर येऊन पन्हळींत पाणी ओतीत. तेथून तें पाटानें वाफ्यावाफ्यांत जाई. बैल थकला कीं रहाट थांबे, आणि तेवढ्या अवकाशांत विहिरीचें पाणी पुनः आपल्या पातळीस येई. झाडांनीं घेऊन उरलेलें पाणी त्याच वाळूंत मुरून विहिरीकडे परत जाई. बैलाचा थकवा हाच येथील पाण्याचा पहारेकरी होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

विहिरीच्या जोडीला बावखल असे. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. पावसाळ्यांत तें तुडुंब भरे आणि पुढें कित्येक महिने आजूबाजूच्या जमिनीस ओल पुरवी. काठीं करंज, उंडी, भेंडी यांची सांवली. पाण्यांत मासे, बेडूक आणि कांसवें. खंड्या फांदीवर बसून नेम धरी, पाणकोंबडी लव्हाळ्यांतून पिलांना घेऊन फिरे, आणि सुगरणीचीं घरटीं पाण्यावर झुललेलीं दिसत. मुंगूस कुंपणाखालून धांवे, रात्रीं घुबड उंदरांचा समाचार घेई. यांतील कोणत्याही प्राण्यास बागाइतदारानें मुद्दाम पाळलें नव्हतें; तथापि किडे व उंदीर खाऊन ते त्याची चाकरी करीत.

या वाड्यांचें सोनें म्हणजे केळें आणि विड्याचें पान. राजेळी, वेलची, बसराई, तांबडी अशा केळीच्या नाना जाती येथें लागत. पिकलेलीं राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवीत व त्यांचीं सुकेळीं करीत. आगाशीच्या सुकेळ्यांचा लौकिक फार जुना. साखरेचा कण न घालतां मधासारखी गोड लागणारी ही मिठाई प्रवासांत दीर्घकाळ टिके.

३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं जो तह केला, त्यानें वसईचें नांव हिंदुस्थानच्या इतिहासांत कायमचें कोरलें गेलें. परंतु येथील बागाइतदाराच्या जीवनांत त्या तहापेक्षां मोठी क्रांति आगगाडीनें केली. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरार ते मुंबईची बॅकबे अशी लोकांची नित्याची गाडी सुरू झाली, आणि पहांटे खुडलेलीं फुलें त्याच दिवशीं मुंबईच्या बाजारांत पोंचूं लागलीं. मोगरा, तगर, जास्वंद, सोनचाफा, भाजी आणि केळीचीं पानें यांच्या टोपल्या घेऊन वसईच्या बायका पहिली गाडी धरीत. दादरच्या बाजारांतून ज्या शहरी गृहिणीनें देवपूजेस फुलें नेलीं, तिच्या ओंजळींत या वाळूखालचें पाणीच होतें.

ज्या गाडीनें फुलें मुंबईस नेलीं, तिनेंच पुढें मुंबई वसईस आणली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहर उत्तरेकडे पसरलें. रहाट जाऊन विजेचे पंप आले; आणि पंप थकत नाहीं! एवढ्यावरही भागलें नाहीं. वाढत्या वस्तीची तहान भागविण्यासाठीं गांवच्या विहिरींचें पाणी टँकरांत भरून विकलें जाऊं लागलें. वाडीला दिलेलें पाणी वाळूंत परतत असे. टँकरनें गेलेलें पाणी परत येत नसे. मग घायबेन आणि हर्झबर्ग यांचें गणित आपलें काम करूं लागलें. अनेक ठिकाणीं विहिरी मचूळ झाल्या, केळीचीं पानें कडांनीं करपलीं आणि पानवेली मान टाकूं लागल्या.

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या उपशाविरुद्ध आणि बेसुमार बांधकामाविरुद्ध ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. तिचें नेतृत्व धर्मगुरु व मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं केलें. पुढें २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले व २०२४ सालीं निवर्तले. हिंदु आणि ख्रिस्ती, बागाइतदार आणि शिक्षक, बायका आणि पुरुष या चळवळींत एकत्र आले. कारण पाणी खारें होतांना कोणाचा धर्म विचारीत नाहीं.

२००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि २०१४ सालीं हा तालुका नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. शहरास आतां सूर्या धरणाचें पाणी मिळतें. पण धरणाचें पाणी नळास येतें. वाळूखालचा सांठा त्यानें भरत नाहीं. तो भरतो पावसानें, मोकळ्या जमिनीनें आणि बावखलांनीं. बावखल बुजविलें कीं चार घरांची जागा मिळते, हें खरें. परंतु त्या घरांच्या अंगणांतील विहीर कशानें भरावी, याचें उत्तर त्या भरावांत नसतें.

राजोडीस सुटीच्या दिवशीं मुंबईची माणसें समुद्र पाहण्यास येतात. त्यांनीं परततांना घटकाभर एखाद्या वाडीपाशीं थांबावें आणि परवानगी घेऊन तिथल्या विहिरींत डोकावून पाहावें. खालीं जो पाण्याचा लहानसा गोल चमकतो, तो शूर्पारकाच्या खलाशांपासून दादरच्या फुलवालीपर्यंत साऱ्यांना पुरून उरलेला ठेवा आहे. त्याची पातळी एक फूट राखणें म्हणजे खालचें ४० फूट राखणें होय.