रेडिओ, संगणक, मोबाइल : शेतकऱ्यापर्यंत सल्ला पोहोचतो केव्हा?

१/ मोबाइलवर पीकसल्ला ही कल्पना आपल्याला आजची वाटते. परंतु यंत्राच्या साहाय्याने अल्पभूधारक शेतकऱ्यापर्यंत कृषिज्ञान नेण्याच्या प्रयत्नांना महाराष्ट्रात सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यांतील तीन प्रयोगांचा हा धागा.

२/ पहिला प्रयोग १९५६ चा. युनेस्कोच्या सहकार्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत १५० गावे निवडली आणि प्रत्येक गावी एक श्रोता मंडळ स्थापन केले. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले.

३/ कल्पना मूळची कॅनडातील. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असा त्यांचा क्रम असे. पुण्याच्या प्रयोगात मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत.

४/ मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याचे सूत्रधार होते व्हिएन्नात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली. यांपैकी काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. या रचनेमुळेच हा अभ्यास आजही महत्त्वाचा ठरतो.

५/ मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, वाढ नगण्य होती. आवाज तोच, माहितीही तीच. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि प्रश्न विचारता येण्याने. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

६/ दुसरा प्रयोग कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरील वारणा खोऱ्यातला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या आधारावर १९९८ मध्ये ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पिकांची माहिती, बाजारभाव, शासकीय योजना असे सारे गावातल्या केंद्रावर मिळावे, हा हेतू होता.

७/ काही वर्षांनी संशोधक तेथे गेले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः कारखान्याला गेलेल्या उसाचे वजन आणि खतखरेदीचा हिशेब पाहण्यासाठी. मग सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहण्यात आली. आठ महिन्यांच्या चाचणीत ती पद्धत चालली आणि स्वस्तही ठरली.

८/ याला अपयश म्हणावे काय? योजनाकारांच्या हेतूने पाहिले तर होय. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर नाही. ज्या माहितीवर त्याचे पैसे अवलंबून होते, ती त्याने नेमकी निवडून घेतली. तंत्रज्ञान नाकारणारा अडाणी शेतकरी ही प्रतिमा येथे टिकत नाही.

९/ तिसरा प्रयोग रॉयटर्स मार्केट लाइट या सशुल्क सेवेचा. २००७ पासून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला येऊ लागला. अर्थशास्त्रज्ञ मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातील १०० गावांत तिचा परिणाम तपासला. त्यासाठी निवडक शेतकऱ्यांना ती वर्षभर विनामूल्य देण्यात आली.

१०/ २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात, पावसाने होणाऱ्या नुकसानीत किंवा वाण बदलण्याच्या प्रमाणात सरासरीने लक्षणीय फरक आढळला नाही.

११/ माझ्या मते कारण माहितीच्या पलीकडे आहे. दूरच्या बाजारात कांद्याला चार पैसे अधिक आहेत हे कळले, तरी तेथवर माल नेण्यासाठी गाडीभाडे हवे, साठवायला चाळ हवी आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्या आडत्याला नाही म्हणण्याची ताकद हवी. भाव कळणे आणि भाव पदरात पडणे यांत हे सारे अंतर आहे.

१२/ तिन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एक सूत्र हाती येते. शेतकऱ्याला उलट प्रश्न विचारता आला, तेथे सल्ला रुजला. रोजच्या व्यवहाराशी जोडला गेला, तेथे यंत्र वापरले गेले. दोन्ही नसले की संदेश येतो, वाचला जातो आणि विरून जातो.

१३/ २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. आता यंत्र मराठीत उत्तरही देईल. परंतु किती जणांनी ॲप उतरवून घेतले, हा आकडा यशाचे माप मानला, तर आपण १९५६ मध्ये शिकलेला धडा विसरलो असे होईल. रेडिओ असलेले प्रत्येक गाव काही शिकलेले गाव नव्हते.

१४/ वाचकांना एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या गावी श्रोता मंडळ होते का? कोण बसत असे, कोणाला बसू दिले जात नसे, स्त्रिया येत का? अहवालांत गावे मोजली जातात. ओट्यावर कोण होते, हे केवळ आठवणींतून कळते आणि त्या आठवणी सांगणारी पिढी आता फार काळ आपल्यात असणार नाही.