हशील, महसूल, तहसील

‘त्यात काय हशील?’ या प्रश्नातला ‘हशील’ आणि सरकारी ‘महसूल’ ही सख्खी भावंडे आहेत. दोन्हींचे मूळ अरबी ह-स-ल हे धातुरूप. जुन्या अरबी कोशकारांनी त्याचा अर्थ टरफलातून गर किंवा खनिजातून सोने काढणे असा दिला आहे. त्यावरून हाती उरलेले ते ‘हासिल’, मिळवलेले ते ‘महसूल’ आणि मिळवण्याची क्रिया ती ‘तहसील’.

फारसी दफ्तरांतून हे शब्द भारतात आले. इथे महसूल म्हणजे सारा आणि तहसील म्हणजे साऱ्याची वसुली. पुढे वसुलीचा मुलूखही तहसील झाला. ‘वसूल’ मात्र या कुळातला नव्हे. तो पोचणे या अर्थाच्या व-स-ल पासून आला.

आज या शब्दांचा वापर प्रदेशागणिक वेगळा दिसतो. छत्तीसगडमध्ये भिलाईजवळच्या अहिवाऱ्यात जिल्ह्याखालचा विभाग म्हणजे तहसील. महाराष्ट्रात तो तालुका, पण अधिकारी तहसीलदारच. तिकडच्या हिंदी शाळांत बेरजेतला हातचा ‘हासिल’ ठरतो. मराठीत मात्र ‘हशील’ बहुधा नकारार्थी प्रश्नातच येतो.