किल्लारीची भिंत आणि भूकंपाचे मानक

भूकंपात तग धरणाऱ्या बांधकामांसाठी भारतात पहिले मानक १९६२ साली आले. भारतीय मानक संस्थेच्या या ‘आयएस १८९३’मध्ये देशाचे भूकंपपट्टे आखले होते. इमारत किती हादरा सोसेल अशी बांधायची, हे पट्ट्यावरून ठरे. दख्खनचे पठार तेव्हा स्थिर मानले जाई आणि कमी धोक्यात मोडे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. १९७०च्या आवृत्तीत कोयना परिसर चौथ्या पट्ट्यात गेला. लातूर-उस्मानाबाद मात्र पहिल्याच, म्हणजे सर्वांत सौम्य पट्ट्यात राहिले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, याच भागातली किल्लारी आणि आसपासची गावे झोपेत असताना कोसळली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती, तरी मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास गेला. माणसे दगावली ती घरांखाली. उन्हापासून निवारा देणाऱ्या जाड भिंती चिखलात रचलेल्या होत्या. आत-बाहेर दगडांचे दोन थर, मधल्या पोकळीत लहानसहान दगड आणि माती, वर मातीचे जड माळवद. दोन्ही थरांना सांधणारा दगड बहुधा नसेच. धक्क्यासरशी थर एकमेकांपासून सुटले, भिंत फुगली आणि माळवद खाली आले.

याच दोषावरचा उपाय १९९३ सालच्याच ‘आयएस १३८२८’मध्ये आहे. भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको. दर ६०० मिलिमीटर उंचीवर, आडवे १.२ मीटरच्या आत, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड बसवावा. याला ना सिमेंट लागते ना इंजिनिअर. पण तेव्हा मानक इंग्रजीत आणि विकत मिळणारे. गवंडी मात्र बापाच्या हाताखाली काम शिकलेला. म्हणूनच भूकंपानंतरच्या पुनर्वसनात नव्या वसाहतींइतकीच मोलाची ठरली ती जागच्या जागी घरे मजबूत करण्याची खटपट. गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले आणि गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ होऊन घरोघरी हे तंत्र समजावू लागल्या. ‘आयएस १८९३’च्या २००२च्या आवृत्तीत पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्यात आला.

मानक मुळात शिफारस असते. नगरपालिकेच्या नियमावलीने किंवा सरकारी आदेशाने त्याचा हवाला दिला, की ते बंधनकारक होते. ज्या नियमाने माणूस बांधला जातो तो वाचायला पैसे मोजावे लागणे अन्यायाचेच आहे. २०१३च्या सुमारास ‘पब्लिक रिसोर्स’ या अमेरिकी ना-नफा संस्थेने भारतीय मानके इंटरनेटवर खुली केली. मानक संस्थेच्या जागी आलेल्या भारतीय मानक ब्यूरोने हरकत घेतली आणि २०१५मध्ये वाद जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पुढे ब्यूरोनेच भारतीय मानके मोफत उतरवून घेण्याची सोय केली.

किमतीचा अडसर असा हटला, भाषेचा उरला. एक मानक दुसऱ्याकडे बोट दाखवते, दुसरे तिसऱ्याकडे, आणि मजकूर प्रामुख्याने इंग्रजीच. स्थापत्य अभियंत्याला एवढे पुरते. पण खेड्यातली बहुसंख्य घरे अभियंत्याविना उभी राहतात. तिथे आरपार दगडाचा नियम मराठीत, आकृतीसह, ग्रामपंचायतीत आणि गवंड्याच्या हाती असायला हवा.