मुशीचे दांत आणि पृथ्वीची बखर

इ. स. १६६६ च्या ऑक्टोबर महिन्यांत इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनीं एक अजस्र शार्क मासा पकडला. आपल्या कोंकणांत जिला मुशी म्हणतात, ती याच कुळांतली, पण लहान. टस्कनीचा अधिपति दुसरा फर्दिनांदो मेदिची यानें त्या माशाचें मस्तक फ्लॉरेन्सला आणविलें आणि निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या शारीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठीं सोंपविलें.

जबड्यांतील दांत पाहतांना स्टेनोला माल्टा बेटाच्या खडकांत सांपडणाऱ्या त्रिकोणी दगडांचें स्मरण झालें. लोक त्यांस 'जिव्हाश्म' म्हणत. संत पॉलच्या शापानें दगड झालेल्या त्या सर्पांच्या जिभा होत, अशा समजुतीनें विषावर उतारा म्हणून ते जवळ बाळगीत. हे शार्कचे दांतच आहेत, असें फाबिओ कोलोन्ना यानें १६१६ सालींच प्रतिपादिलें होतें. परंतु जुनी समजूत हटली नव्हती.

श्रोतेहो, येथें एक शंका साहजिक आहे. दांत जर शार्कचे, तर त्याचीं हाडें कोठें गेलीं? उत्तर असें कीं, शार्कला हाडें नसतातच. त्याचा सारा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यांत असते तशा लवचिक द्रव्याचा असतो. चुन्याच्या क्षारांनीं तिला वरून कांहींसा कठीणपणा येतो. तरी मासा मेल्यावर ती बहुधा कुजून नाहींशी होते. दांत मात्र टणक. ते जबड्यांत ओळीमागें ओळ असे रचलेले असतात. पुढचा गळला कीं मागचा त्याच्या जागीं येतो. अशा रीतीनें एकाच शार्कचे हजारों दांत समुद्रतळाशीं पडतात.

१६६७ सालीं स्टेनोनें आपलें मत केवळ अनुमान म्हणून प्रसिद्ध केलें. पण तें मान्य करावयाचें, तर समुद्रांतील प्राण्याचा दांत जमिनीवरील खडकांत कसा शिरला, हें सांगणें भाग होतें. तो खडक एके काळीं पाण्याखालचा मऊ गाळ असला पाहिजे, असें त्यानें ताडलें. १६६९ सालच्या ग्रंथांत तो आणखी पुढें गेला. गाळ थरावर थर असा सांचतो. म्हणून खालचा थर आधींचा व वरचा मागाहूनचा. भूस्तरशास्त्राचा हा पाया आजहि कायम आहे.

ज्या काळाची बखर कोणीं लिहिली नाहीं, त्याचा क्रम लावण्याचें साधन असें मनुष्याच्या हातीं आलें; आणि तें आलें स्वतःचा सांगाडाहि सहसा मागें न ठेवणाऱ्या एका माशामुळें.