नहपानाचा जावई आणि आमचा

सासऱ्याने जावयाला काय द्यावे, याची यादी आपल्याकडे फार जुनी आहे. धोंड्याच्या महिन्यात तर ती तेहतीस अनारशांपासून सुरू होते आणि सासऱ्याचा फंड संपेपर्यंत चालते. पण जावयाने सासऱ्याला काय द्यावे, याबद्दल शास्त्र गप्प आहे. त्यामुळे आमच्या जावयाने इंदिरानगरातल्या आमच्या ब्लॉकमध्ये पाऊल टाकताच पिशवीतून इटालियन वाइनची बाटली काढून टीपॉयवर ठेवली, यात त्याची चूक काढता येईना. एरवी मी काढली असती.

कारण आमचे संबंध तसे बेताचेच. मुलगी नोकरीला इटलीत, तुरिनला. तिथेच नोकरी करणाऱ्या अकलूजकडच्या या मुलाशी तिने दोन वर्षांपूर्वी लग्न केले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "बाबा, कालच झालं." मी "बरं" म्हणालो. त्यानंतरची दोन वर्षे मी आणि जावई फोनवर फक्त हवामानावर बोललो. तुरिनच्या थंडीची मला जितकी माहिती आहे, तितकी तिथल्या वेधशाळेला नसेल. आता तो एकटाच गावी आला होता आणि वाट वाकडी करून दोन दिवस आमच्याकडे उतरला होता.

बाटलीवर काळा कोंबडा होता. "आत कोंबडीचं काही आहे का हो?" हिने दबक्या आवाजात विचारले. तेवढ्यात बेल वाजली. नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात हे खरे, पण राजधानीच्या प्रजेत बाटली टीपॉयवर ठेवण्याचा प्रघात नाही. मी टीव्हीवरचे विणलेले झाकण बाटलीवर टाकले. शेजारच्यांना वाटले, आम्ही गणपती आणून ठेवला आहे. त्यांनी लांबूनच नमस्कार केला. जावई सगळे पाहत होता. काही बोलला नाही, पण चेहरा जरा उतरला.

हवामान पहिल्याच संध्याकाळी संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पांडवलेण्यांवर नेले. इंदिरानगरहून ती हाकेच्या अंतरावर. शिवाय तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला मोकळेपणी बोलायला मेलेली माणसे बरी पडतात.

दहाव्या लेण्यात दम खात मी सुरुवात केली. "हे नहपान क्षत्रपाचं लेणं. पण कोरवलं त्याच्या जावयानं, उषवदातानं."

"जावयानं?" पाहुणा सावरून बसला.

मग मी उषवदाताचे दान वाचून दाखवले, म्हणजे पाठ म्हणून दाखवले. ब्राह्मी लिपी मला येते असा माझ्या विद्यार्थ्यांचा समज आहे, तो मी कधी मोडलेला नाही. तीन लाख गाई दिल्या, नद्यांवर फुकट तरी ठेवल्या. भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांत ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारांवर शेकडा पाऊण व्याज. मुद्दल मोडायचे नाही, ही अटही भिंतीवर. आजकालच्या पतसंस्थांनी दगडात कोरून घ्यावी अशी अट.

"आणि सासरे काय करायचे?"

इथे मला पेरिप्लस आठवला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली ही बंदरांची वही. तिच्यात भडोचला, म्हणजे नहपानाच्या बंदरात, काय काय खपते त्याची यादी आहे. त्यात मद्य आहे आणि पहिली पसंती इटलीच्या मद्याला. लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे त्याच्यामागून. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि उंची मद्य वेगळे आणावे, अशीही सूचना आहे. त्या राजाचे नाव ग्रीकाने वेडेवाकडे लिहिले आहे, पण बहुतेक अभ्यासक तो नहपानच मानतात.

"म्हणजे बाबा, तुमच्या नाशकात इटालियन वाइन दोन हजार वर्षांपासून आहे!" त्याने मला पहिल्यांदाच बाबा म्हटले. आजवर काका होतो.

मग तो बोलू लागला. इटलीचे वीस प्रांत, आणि वीसही प्रांतांत वाइन होते. द्राक्षांच्या जाती शेकड्यांनी. तुरिनच्या बाजूला नेब्बिओलो. हे नाव धुक्यावरून पडले म्हणतात. फ्लॉरेन्सकडे सांजोव्हेजे, तेच या कोंबडेवाल्या कियान्तीत. १७१६ साली तिथल्या ड्यूकने कियान्तीची शीव आखून दिली आणि १९६३ साली सरकारने सबंध देशासाठी गावागावाच्या वाइनचे कायदे केले. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते. तिथे वाइन बदलते, आणि बदलली नाही तर गुन्हा होतो! "पण तिथं ती जेवणाबरोबर घेतात बाबा, आपल्याकडे ताक घेतात तशी. आजोबा, नातसून, सगळे एका टेबलावर. लपवत नाहीत." आणि जरा थांबून म्हणाला, "आमच्या अकलूजकडंही आता सांजोव्हेजे लावलीय. फ्रातेल्लीवाल्यांनी. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू नि इटलीचे सेक्की बंधू."

लपवत नाहीत, हे मला लागले. आपल्याकडे दान तेवढे भिंतीवर जाते. रोमन मद्याच्या दोन कानी कुंभांची खापरे निघाली ती नेवाशाच्या मातीत. आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात इटलीहून आलेली काशाची सुरई सापडली तीही जमिनीखालीच. नहपानाच्या घरीही कुणीतरी कुंभावर विणलेले झाकण टाकले असणार.

उठताना त्याने एका खोलीपाशी बोट दाखवले. "इथं काय लिहिलंय?"

तो लेख मला खरोखर पाठ होता. ही खोली दक्षमित्रेचे दान. नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको.

"दोघांची नावं घातलीत तिनं," तो म्हणाला. "आमचीही तशीच इच्छा होती. तुम्ही नको म्हणाल म्हणून ती भ्याली."

मी नको म्हणालो असतो. उतरताना पायऱ्या दुप्पट वाटल्या.

रात्री झाकण काढले, मग बूच. चषक नव्हते, म्हणून स्टीलचे पेले घेतले. बरोबर भरले वांगे आणि भाकरी. मी पेल्यात पाणी ओतले तेव्हा जावयाने डोळे मिटून घेतले. "रोमन लोक पाणी घालूनच प्यायचे," मी म्हणालो. "बिनपाण्याची पिणारे रानटी." इतिहासाचा असा उपयोग क्वचितच होतो. हिने एक घोट घेऊन "कोकम बरं" असा निकाल दिला आणि दुसरा घेतला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आवडली?"

"तुरट आहे," मी म्हणालो. "सवय व्हायला वेळ लागेल. पण पुढच्या वेळी दोघं या आणि दोन आणा."

पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. हवामानाचा विषयही निघाला नाही.

बाटलीत आता हिने मनीप्लांट लावला आहे. टीपॉयवर असतो. कोंबड्याचे तोंड दाराकडे.