आल्टेना ते आचोळे : पोलादी तारेच्या शुष्क वंगणाचा इतिहास

आपल्याकडे उद्योगधंद्यांचा जो इतिहास लिहिला जातो, तो बहुधा यंत्रांचा, भांडवलाचा आणि संपांचा इतिहास असतो. यंत्र गंजले तरी त्याचा सांगाडा उरतो. भांडवलाच्या नोंदी दप्तरात राहतात. संपाची वार्ता वृत्तपत्रांत छापून येते. परंतु कारखान्यात रोज वापरली जाऊन रोजच नाहीशी होणारी जी द्रव्ये, त्यांचा मागमूस कोठेच राहत नाही. थंड अवस्थेत पोलादी तार ओढताना वापरावयाचे कोरडे वंगण हे अशांपैकीच एक होय. पांढरट, साबणाच्या भुकटीसारखे हे द्रव्य पोत्यांतून येते, तारेबरोबर डायमधून जाते, थोडे जळते, थोडे हवेत उडते आणि उरलेले झाडून टाकले जाते. तथापि तार ओढण्याच्या कलेत जे ज्ञान गेल्या साडेतीनशे वर्षांत साठले, त्याचा मोठा अंश यंत्रात नसून या भुकटीत आणि तिच्याखालच्या लेपात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे ज्ञान सर्वत्र सारखे लागू पडत नाही, स्थळाच्या हवेशी त्याला जुळवून घ्यावे लागते, ही त्यातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

आचोळे हे या दृष्टीने विचारात घेण्यासारखे ठिकाण आहे. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस असलेले हे तळ्याकाठचे गाव २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत येते आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. इतिहासाचा विद्यार्थी या बाजूस येतो तो प्राचीन शूर्पारकासाठी. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उघडला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावास सापडला. रुळांच्या पश्चिमेस हे सारे झाले. पूर्वेस मात्र मुंबईतील जागेची टंचाई व वाढते भाव यांमुळे बाहेर पडलेल्या लहान उद्योगांनी आचोळ्यापासून गोखिवरे, वालीव, सातिवलीपर्यंत गाळ्यांच्या रांगा वसविल्या. खिळे, स्प्रिंगा, जाळ्या, बांधकामाची बाइंडिंग वायर अशा मालाला लागणारी तार हा अशा लघुउद्योगांच्या जगातील एक साधा, कोणाच्या नजरेत न भरणारा विषय आहे.

प्रथम क्रिया नीट समजून घेऊ. गिरणीत तापवून लाटलेली सळई वेटोळ्याच्या रूपाने येते. तिचा प्रचलित व्यास साडेपाच मिलिमीटर. तिचे टोक निमुळते करून ते डायच्या भोकातून काढतात आणि फिरत्या पिंपावर गुंडाळून ओढतात. एका डायमध्ये छेदाचे क्षेत्रफळ साधारण एक पंचमांशाने कमी होते असे धरले, तर साडेपाच मिलिमीटरांची सळई दोन मिलिमीटरांवर आणण्यास नऊ डाय लागतात आणि एक मीटर सळईची साडेसात मीटर तार होते. या लांबणीत खर्च झालेल्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेत रूपांतरित होतो. पोलाद आणि डाय यांच्या सपाटीवर प्रचंड दाब असतो. नुसते तेल घातल्यास ते त्या दाबाखाली पिळून निघते, धातू धातूला भिडतो, तार ओरखडली जाते आणि डायचे भोक बिघडते. म्हणून हवे असते ते असे द्रव्य, जे तारेला चिकटून आत जाईल, डायच्या तोंडाशी उष्णतेने मऊ होईल, परंतु पाण्यासारखे पातळ होऊन निसटणार नाही. साबण हे काम करतो. कॅल्शियम स्टिअरेट सुमारे १५० अंश सेल्सियसला वितळते. सोडियम स्टिअरेट त्याहून बऱ्याच अधिक तपमानापर्यंत टिकते. कोणत्या डायसाठी कोणती भुकटी, हा प्रश्न पुष्कळसा या एका फरकावर उभा आहे. पण पोलादाच्या गुळगुळीत अंगावर साबण आपण होऊन ठरत नाही. त्याला धरून ठेवणारा एक खरखरीत लेप आधी लागतो: चुन्याचा, टाकणखाराचा किंवा फॉस्फेटाचा. लेप आणि साबण ही जोडी ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा इतिहास उलगडतो.

मऊ धातूंच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या कारागिरांपुढे कधी तीव्रतेने उभाच राहिला नाही. सोनार आपल्या जंतरातून, म्हणजे लहानमोठ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, सोन्याची वा चांदीची तार ओढतो तेव्हा तिला मेण लावले म्हणजे काम भागते. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात कलाबतूच्या धंद्याचे जे सविस्तर वर्णन आहे, त्यावरून तारकसांचे कसब केवढे होते हे कळते. येवले-पैठणच्या वस्त्रांना लागणारी जर त्याच कसबातून आली. परंतु सोने, चांदी व तांबे हे धातू ओढणाऱ्याशी सहकार्य करतात. पोलाद तसे करीत नाही. आपल्याकडे तारकसाची परंपरा इतकी समृद्ध असूनही पोलादी तारेची परंपरा तिच्यातून निघाली नाही, याचे एक कारण या वंगणाच्या अडचणीत शोधता येईल असे वाटते. हा केवळ तर्क आहे. त्याला मागणीचा अभाव, जलशक्तीवर चालणाऱ्या तारगिरण्यांचा अभाव अशी इतर कारणेही जोडावी लागतील.

ही अडचण सुटल्याची जी कथा सांगितली जाते, ती जर्मनीतील आल्टेना या डोंगराळ गावची. तेथे लोखंडी तारेचा धंदा मध्ययुगापासून होता. आज तेथे तारेचे स्वतंत्र संग्रहालयही आहे. १६५० च्या सुमारास योहान गेर्डेस नावाचा कारागीर पोलादाची तार ओढू पाहत होता आणि ती साधत नव्हती. वैतागून त्याने ते तुकडे बाहेर फेकले, लोक लघवी करीत अशा जागी ते काही काळ पडून राहिले, आणि पुन्हा ओढून पाहता तेच तुकडे डायमधून सहज गेले, असे सांगतात. कथेतील वैतागाचा भाग पुढच्यांनी रंगविलेला असणे शक्य आहे. पण तिचा गाभा खरा मानण्यास हरकत नाही, कारण पोलादावर मूत्राचा लेप चढविण्याची पद्धत त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे चालली. पुढे मूत्राऐवजी आंबलेली, पातळ केलेली बिअर वापरूनही तोच परिणाम होतो असे दिसून आले. १८५० च्या सुमारास कळले की साधे पाणीही पुरते. म्हणजे गुण मूत्रात नव्हता, बिअरमध्येही नव्हता. ओल्या पोलादावर हवेतील प्राणवायूने जो लोहाच्या हायड्रॉक्साइडाचा तपकिरी-हिरवट, मऊ पापुद्रा चढतो, तो वंगणाला धरून ठेवीत होता. इंग्रजी कारागीर त्यास ‘सल’ म्हणत. थोडक्यात, तो गंजच होता. योग्य वेळी थांबविलेला गंज.

दोनशे वर्षे कारागीर योग्य ते करीत होते आणि त्याचे कारण चुकीचे देत होते. शास्त्र आधी व कारागिरी मागून, अशी मांडणी करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे अवश्य पाहावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पापुद्र्याची जागा चुन्याने घेतली. सळई आम्लात बुडवून तिच्यावरची खपली काढावयाची, पाण्याने धुवावयाची, चुन्याच्या निवळीत बुडवून वाळवावयाची आणि मग साबण किंवा चरबी लावून ओढावयाची, हा क्रम रूढ झाला. चुना उरलेले आम्ल मारतो, गंज थोपवितो आणि साबणाला पकड देतो. तेवढ्यात तारेची मागणीही वाढत गेली होती. जेम्स हॉर्सफॉल याने १८५४ साली उष्णोपचाराने तारेला बळकटी देण्याची पद्धत काढली. जॉर्ज बेडसन याच्या १८६२ च्या अखंड लाटण-गिरणीमुळे लांबच लांब सळया मिळू लागल्या. तारायंत्र, पूल, खाणी यांनी तार गिळावयास सुरुवात केली.

विसाव्या शतकात दोन गोष्टींनी चित्र पालटले. विजेच्या दिव्यातील टंग्स्टनची तार ओढण्यास हिऱ्याचे डाय महाग पडत, म्हणून ओस्राम कंपनीच्या कार्ल श्र्योटर याने टंग्स्टन कार्बाइडाचा कठीण मिश्रधातू शोधला. त्याचे पेटंट १९२३ चे. १९२६ पासून क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. डाय टिकाऊ झाले, वेग वाढला आणि वाढलेल्या उष्णतेचा भार वंगणावर पडला. दुसरी गोष्ट फॉस्फेटाची. गंज थांबविण्यासाठी कॉस्लेट याने १९०६ साली पोलादावर फॉस्फेटाचा थर चढविला होता. तोच थर थंड घडणीत वंगणाला आधार देतो, हे फ्रिट्झ सिंगर याने १९३४ च्या जर्मन पेटंटात मांडले. जस्ताच्या फॉस्फेटाचे स्फटिक पोलादाच्या अंगातूनच उगवल्यासारखे घट्ट बसतात आणि सोडियमच्या साबणाशी संयोग पावून जस्ताचा साबण तयार करतात. स्प्रिंगांच्या व दोरखंडाच्या कठीण तारेला हा थर विशेष मानवला.

साबण डायमध्ये नेमके काय करतो, याचा उलगडा मात्र त्याहून उशिरा होऊ लागला. क्रिस्टोफरसन आणि नेलर यांनी १९५५ साली डायच्या आधी एक लांब, अरुंद नळी बसवून दाखविले की तारच आपल्या गतीने वंगण आत खेचते आणि त्याचा दाब इतका चढविते की तार व डाय यांच्यामध्ये अखंड पडदा राहू शकतो. त्यांचा प्रयोग तेलाचा होता. पण तापून दाट द्रवासारखी वाहणारी साबणाची भुकटी याच न्यायाने वागते, हे पुढील संशोधनातून दिसले. गेर्डेसपासून येथपर्यंत तीन शतके लोटली होती.

हिंदुस्थानात या उद्योगाचा आरंभ जमशेदपुरास झाला. इंडियन स्टील अँड वायर प्रॉडक्ट्स हा कारखाना १९२० च्या सुमाराचा. १९२४ च्या कायद्याने तार व खिळे यांना जकातीचे संरक्षण मिळाले. परंतु सळई देशात होत नव्हती, या कारणास्तव १९२७ मध्ये ते गेले आणि १९३२ च्या कायद्याने पुन्हा मिळाले. हा सारा वाद सळईभोवती फिरला. वंगणाला त्यात वादाचा विषय म्हणून स्थान नव्हते. मुंबईच्या उत्तरेस बोरिवली आणि पुढे पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे तारेचे मोठे कारखाने निघाले, त्यांच्याकडे प्रयोगशाळा व तज्ज्ञ होते. गाळ्यातल्या मालकाकडे तसे काही नसते. त्याला भुकटी विकणाऱ्याच्या शब्दावर आणि आपल्या कामगाराच्या बोटांवर भिस्त ठेवावी लागते.

साबणाच्या मुळाशी चरबी असते, आणि तिने या विषयात एक अनपेक्षित सामाजिक वळण आणले. प्राण्यांची चरबी न घालता साबण करण्याचा प्रयत्न गोदरेज यांनी १९१८-१९ च्या सुमारास यशस्वी केला, तो अंगाच्या साबणापुरता. कारखान्याच्या वंगणात चरबी आहे की वनस्पतिज तेल, हे कोण विचारणार? परंतु वनस्पती तुपात गोमांसाची चरबी मिसळली जात असल्याचे १९८३ साली उघडकीस आले, देशभर क्षोभ उसळला आणि सरकारने त्या चरबीची आयात बंद केली. स्टिअरिक आम्ल करणाऱ्यांना कच्च्या मालासाठी वनस्पतिज तेलांकडे अधिक वळावे लागले. रसायनाच्या दृष्टीने आम्ल तेच. पण त्यातील निरनिराळ्या मेदाम्लांचे प्रमाण बदलले की साबण मऊ होण्याचे तपमान थोडे सरकते, आणि डायच्या तोंडाशी हे थोडेही जाणवते.

आता आचोळ्याच्या पावसाळ्याकडे वळू. या किनारपट्टीवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत हवा ओलाव्याने जड असते. डायच्या पुढ्यात साबणाची पेटी असते. तार तिच्यातील भुकटीतून जाते. भुकटी कोरडी व मोकळी असेल तर ती तारेवर सतत ढासळत राहते. ती दमट झाली की तारेभोवती एक बोगदा तयार होतो. पेटी भरलेली दिसते, पण तार कोरडीच डायमध्ये शिरते. पेटीतील भुकटी काठीने हलविणारा कामगार हे काम सवयीने करतो असे वाटते. वस्तुतः क्रिस्टोफरसन-नेलर यांनी नळीने जे साधले त्याची पूर्वअट तो हाताने पुरी करीत असतो.

लेपांचेही तेच. चुन्याची धूळ उडते म्हणून पाश्चात्त्य कारखान्यांत टाकणखाराचा प्रसार झाला. सोनाराच्या डागकामात हजर असलेला हा क्षार तारेवर स्वच्छ, घट्ट बसतो. पण तो हवेतील पाणी शोषून आपले स्फटिक बदलतो. ते फुगतात, सैल होतात आणि लेपाची पकड जाते. कोरड्या प्रदेशात लेप दिलेली सळई काही दिवस ठेवून चालते. येथे पावसाळ्यात ती लगेच ओढावी लागते. मागे पडलेला म्हणून हिणविला जाणारा चुना या हवेत अधिक तग धरतो. त्याचा दोषही लहान नाही: ती धूळ कामगाराच्या डोळ्यांत व छातीत जाते, आणि बंद गाळ्यात ती जाण्यास दुसरी वाट नसते. आम्लाचे पाणी हा याहून कठीण प्रश्न. सळई धुण्यास पाणी भरपूर लागते आणि वापरलेले पाणी शेवटी कोठेतरी सोडावे लागते. ज्या तालुक्यात हरित वसईच्या चळवळीने पाणी व जमीन यांचा प्रश्न १९८९ च्या सुमारासच ऐरणीवर आणला, तेथे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. रुळांवरून उलटसुलट वाकवून खपली पाडावयाची आणि आम्लाला अजिबात फाटा द्यावयाचा, ही पद्धत त्यामुळे लहान कारखान्यांना सोयीची ठरते. मात्र तिच्यात चुन्याचे बुडवणे नसल्याने सारा भार पेटीतल्या भुकटीवर येतो, आणि भुकटीचा शत्रू तर हवेत आहेच.

धुतलेली सळई वेळेवर ओढली गेली नाही तर जुलैत तिच्यावर काही तासांतच तपकिरी झाक येते. आल्टेनाचे कारागीर मुद्दाम जो पापुद्रा चढवीत, तोच हा, द्रव्य एकच. पापुद्रा मऊ व पातळ आहे तोवर तार जाते. तो जाड, खवलेदार झाला की तोच डाय खातो. ही सीमा कोणत्याही पुस्तकात मिलिमीटरांत दिलेली नाही. यंत्रावरचा माणूस सळईवर अंगठा फिरवितो, बोटाला लागलेला रंग पाहतो आणि वेटोळे यंत्रावर घ्यावयाचे की पुन्हा धुवावयास पाठवावयाचे ते ठरवितो.