सराव हवाच, पण डोळस हवा!

पनवेल, प्रतिनिधी

नोकरीसाठी रोज मुंबई गाठणाऱ्या पनवेलकराचा लोकलचा एकेरी प्रवासच सव्वा तासाहून अधिक असतो. टेनिससाठी उरतो तो बहुधा रविवार. त्यातही जून ते सप्टेंबर हे महिने पावसात वाहून जातात. अशा हौशी खेळाडूची पहिल्या वर्षातील प्रगती झपाट्याने होते; पुढे मात्र खेळ एका जागी थबकतो. दर आठवड्याला तोच जोडीदार, तेच दोन सेट आणि त्याच चुका. याला सराव म्हणणे कठीण आहे. ती चुकांचीच उजळणी होय.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यातून 'दहा हजार तासां'चा मंत्र लोकप्रिय झाला. एरिक्सन यांचा भर मात्र सराव कशा प्रकारचा आहे यावर होता: नेमकी उणीव हेरून, ती दूर करण्यासाठी एकाग्रतेने केलेला सराव. टेनिसलाही हे तंतोतंत लागू पडते. बॅकहॅण्ड कच्चा असलेला खेळाडू सामन्यात धावून धावून फोरहॅण्डच मारतो आणि कच्चा फटका कच्चाच राहतो. दोन तासांपैकी निदान अर्धा तास गुण न मोजता त्या एका फटक्यासाठी राखून ठेवणे, हाच त्यावरील उपाय.

एकच फटका सलग शंभर वेळा मारल्याने हात बसतो, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. गूड आणि मॅगिल या संशोधकांनी १९८६मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर प्रयोग केला. एका गटाने एका वेळी एकाच सर्व्हिसचा सराव केला, तर दुसऱ्याने तिन्ही प्रकार आलटून पालटून केले. नंतरच्या चाचणीत आणि कोर्टच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करतानाही सरमिसळ करणारा गट सरस ठरला. नवशिक्याने आधी एकच फटका घोटून घ्यावा हे खरे. पण हात बसल्यावर सर्व्हिस कधी कोपऱ्यात, कधी मधल्या रेषेवर, तर कधी प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकावी. सामन्यात तरी सलग दोन चेंडू सारखे कुठे येतात?

दुसरा भाग आत्मपरीक्षणाचा. त्यासाठी एक साधी वही पुरते. डबल फॉल्ट किती, पहिली सर्व्हिस किती वेळा आत पडली, चेंडू जाळीत अधिक गेले की बाहेर, एवढे टिपले तरी चार-पाच आठवड्यांत दुखणे कोठे आहे ते दिसू लागते. 'आज खेळ झाला नाही' या नोंदीचा उपयोग शून्य. गमावलेल्या प्रत्येक गुणाचे सुतक पाळण्याचेही कारण नाही. रॉजर फेडररने २०२४मध्ये डार्टमथ कॉलेजमधील भाषणात सांगितले होते, की एकेरीच्या १,५२६ सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले; गुण मात्र ५४ टक्केच मिळवले.

हे परीक्षण कधी करायचे, हाही प्रश्न महत्त्वाचा. अनेक जण चेंडू खेळात असतानाच स्वतःला बोल लावतात आणि पुढचा फटकाही घालवतात. टिमोथी गॅल्वे यांनी १९७४च्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात या अंतर्गत बडबडीवर नेमके बोट ठेवले. चेंडू टप्पा घेताना आणि रॅकेटला लागताना त्या-त्या क्षणी एकेक शब्द मोठ्याने उच्चारायचा, ही त्यांची युक्ती. मन चेंडूवर राहते आणि स्वतःला दटावायला फुरसत उरत नाही. हिशेब घरी गेल्यावर, वहीत.

वय झाले, आता काय सुधारणार, असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या नितीन कीर्तने यांचे उदाहरण आहे. १९९२मध्ये महेश भूपतीच्या साथीने विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत उपविजेते ठरलेले कीर्तने पुढे ज्येष्ठांच्या वयोगटातील स्पर्धांतही खेळत राहिले.

पावसाळ्याच्या चार महिन्यांतही काही करता येते. जाळी मध्यभागी ३ फूट उंच असते. इमारतीखालील वाहनतळाच्या भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने रेघ ओढली, की तिच्या वर चेंडू मारण्याचा सराव होतो. शेजाऱ्यांची परवानगी तेवढी आधी घ्यावी. तेही न जमल्यास सर्व्हिससाठी चेंडू उंच उडवण्याचा सराव गच्चीवर, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत उरकता येतो. डबल फॉल्टचे मूळ बऱ्याचदा तेथेच असते. चेंडू न मारता खाली पडू द्यावा. तो पुढच्या पावलाच्या किंचित पुढे, दर वेळी जवळपास त्याच जागी पडतो का, ते पाहावे आणि दहापैकी किती पडले, तो आकडा वहीत लिहावा.